कोंडिराम चेकर

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. त्यांतल्या एका गाळ्यात कोंडिराम चेकर होता. चेकर म्हणजे काय, तर पॉलिश होऊन आलेल्या प्रत्येक ताटाच्या, वाटीच्या, डब्याच्या काठावरून अंगठा फिरवायचा. काठ बोचला की भांडं मागे, नाही बोचला की पुढे, पॅकिंगला. इतकी वर्षं हेच करून त्याचा अंगठा असा गुळगुळीत झाला होता की शैला, त्याची बायको, चिडवायची, "शेठनं तुमच्या अंगठ्यालाही पॉलिश मारून घेतलंय वाटतं." शेठ मात्र गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचा, "कोंडिरामनो माल पाछो नथी आवतो," म्हणजे कोंडिरामच्या हातचा माल कधी परत येत नाही.

परभणीकडून आलेला माणूस. आधी गोडदेवला चाळीत राहिला, मग तिथेच एका इमारतीत वन रूम किचन घेतलं. तंबाखू नाही, विडी नाही, आणि दारू तर नाहीच नाही. पंचशीलातलं पाचवं शील तो विहारात जसं खड्या आवाजात म्हणायचा तसंच बाहेरही पाळायचा. होळीला गाळ्यातली माणसं त्याला ओढून न्यायची. हा लिंबूसोडा घेऊन बसायचा आणि शेवटी त्यांनाच रिक्षात कोंबून ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचा.

नेमक्या ह्याच माणसाच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. २००९ सालचा पावसाळा होता. उजव्या कुशीत दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली, तिथून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं कोंडिरामकडे न बघता शैलाला विचारलं,

"किती वर्षं पितात?"

पितात का, असं नाही. किती वर्षं.

"ते पीत नाहीत," शैला म्हणाली.

"मॅडम, इथे खरं सांगितलं तरच उपचार नीट होतात."

शैलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी काय इथे खोटं बोलायला आलेय?"

"बस ना शैला," कोंडिराम तिचा पदर ओढत म्हणाला. "विचारणारच ते. रोज पिणारेच बघत असतील."

रक्ताच्या तपासण्या आल्या तेव्हा कळलं, हिपॅटायटिस बीचा विषाणू. आजकालचा नाही, लहानपणापासून मुक्काम ठोकून बसलेला. कधी तोंड वर न काढता त्यानं आतल्या आत हे करून ठेवलं होतं. त्या पोरसवदा डॉक्टरनं कागद वाचला, पान उलटलं आणि पुढचा पेशंट बोलावला. "चुकलो" म्हणायला त्याची जीभ काही उचलली नाही.

विषाणूचं नाव ऐकल्याबरोबर शैलाच्या मनात नवरा नाही, आधी पोर आली. मानसी. एकुलती एक. बापाच्या ताटात जेवलेली, त्याच्या मांडीवर झोपलेली. ताटातून हा रोग जात नाही हे डॉक्टरनं सांगितलं, मानसीनं सांगितलं, तरी शैलाचा जीव काही ठिकाणावर येईना. दोघींच्या रक्ताचे रिपोर्ट येईपर्यंत ती शाळेच्या ऑफिसात नुसती बसून होती. काशीमीऱ्याच्या शाळेत ती कारकून होती, आणि त्या दिवसांत तिनं किती दाखल्यांवर चुकीचे शिक्के मारले ते हेडबाईंनाच ठाऊक. दोघींना काही नव्हतं. देव न मानणाऱ्या घरात आभार तरी कोणाचे मानायचे? मायलेकींनी एकमेकींचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मानसी एमएस्सी करून मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत प्रोजेक्टवर काम करत होती. विषय कुठला, तर लिव्हरचाच कॅन्सर. शैलाला ह्याचाही राग यायचा. पोरगी रोज सकाळी डबा घेऊन ज्या रोगाचा अभ्यास करायला जात होती, तो घरात तिच्याशेजारी बसून टीव्ही बघत होता.

"तू करतेस तरी काय तिथे?" एकदा भाकरी थापता थापता शैलानं विचारलं. कोंडिराम दारात बसून ऐकत होता.

मानसी म्हणाली, "आई, पेशीत सारखी प्रथिनं बनत असतात. कुठलं बनवायचं त्याच्या चिठ्ठ्या आतून सुटतात. आणि मायक्रोआरएनए म्हणून अगदी बारके तुकडे असतात. ते स्वतः काही बनवत नाहीत. ठरावीक चिठ्ठीला जाऊन चिकटतात. मग ती चिठ्ठी वाचलीच जात नाही, नाहीतर फाडली जाते. ते प्रथिन कमी बनतं."

"मग?"

"लिव्हरमध्ये एक तुकडा सगळ्यात जास्त असतो. त्याला नाव नाही, नंबर आहे, एकशे बावीस. गाठ झाली की बऱ्याच पेशंटमध्ये तो कमी होतो. मग त्यानं दाबून धरलेली प्रथिनं मोकाट सुटतात. त्यातलं एक कात्रीसारखं आहे, पेशीच्या अंगावरचं कापत सुटतं. पेशी जागा सोडते, पसरते. आणि दुसरा एक तुकडा उलटा वाढतो. तो वाढीला ब्रेक लावणाऱ्या प्रथिनालाच गप्प करतो."

कोंडिराम हसला. "म्हणजे माझ्यासारखे चेकरच की."

"हो पप्पा. चेकरच."

"एक चेकर रजेवर, म्हणून बोचरा माल बाहेर. आणि दुसरा येडा चांगलाच माल मागे पाठवतोय." त्याला भारीच मजा वाटली. "अशा कंपनीचं काय होणार? दिवाळं."

शैलानं भाकरी तव्यावर आपटली. "हसा. हसा तुम्ही. ती सांगतेय काय, पसरते म्हणून. डॉक्टर म्हणालेत गाठ एका बाजूला आहे, आत्ता काढता येईल. तारीख दिलीय ना त्यांनी?"

तारीख दिली होती. पण कोंडिरामचं घोडं भलतीकडेच अडलं होतं.

वर्षावास चालू होता. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. गोडदेवच्या त्यांच्या विहारात दरवर्षी वाचायला बसायचा तो कोंडिराम. शाळा फार शिकलेला नव्हता, पण वाचताना एक अक्षर गिळायचा नाही. बायका म्हणायच्या, कोंडिबा वाचतो तेव्हा लहान लेकरंसुद्धा उठून पळत नाहीत.

हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि बातमी फुटली. फुटली ती नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून. लिव्हरच्या गोळ्या घेताना दुकानदार चंदन दहा माणसांसमोर म्हणाला, "काका, अब तो छोड़ दो. लिवर बोल रहा है, बस करो." कोंडिराम गोळ्या घेऊन आला. शैला मात्र गेली. "चंदनभैया, तुमने कब देखा इनको पीते हुए? बोलो, कब देखा?" चंदन वरमला, "अरे भाभी, मज़ाक किया." मस्करी झाली, पण ती त्या दुकानातून बाहेर पडून बिल्डिंगीबिल्डिंगीतून हिंडली आणि विहाराच्या पायरीपर्यंत पोचली.

विहार समितीचे अध्यक्ष होते गुणवंत, कोंडिरामचे थोरले भाऊ, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी धाकट्याला वाचनावरून उठवलं. उठवलं म्हणजे, "तब्येतीला त्रास नको" म्हणून दुसऱ्याला बसवलं. आणि एका रविवारी स्वतः घरी आले.

"हे बघ कोंडिबा, माणूस आहे, चुकतं. आपल्या विहाराची रीत तुला माहीत आहे. ज्याचं शील मोडलं त्यानं सगळ्यांपुढं उभं राहून परत घ्यायचं. मग कोणाची बोलायची टाप नाही. समाप्तीच्या दिवशी घे, आणि शेवटचं पान खुशाल तूच वाच."

"दादा, मोडलंच नाही तर परत काय घेऊ?"

"मग लिव्हर काय भाकरी खाऊन सडलं?"

शैला पळी हातात घेऊनच बाहेर आली. "भाऊजी, रिपोर्ट दाखवू का तुम्हाला? विषाणू—"

"शैला," कोंडिराम म्हणाला, "चहा ठेव."

असा आवाज त्यानं कधी काढला नव्हता. ती आत गेली. चहा केला, पण साखर घातली नाही. गुणवंत निमूट प्यायले.

ते गेल्यावर शैलानं नवऱ्याला फैलावर घेतलं. "का अडवलंत मला? सांगितलं असतं तर आत्ताच्या आत्ता मिटलं असतं."

"आणि विषाणू कुठून आला विचारलं असतं तर?"

कुठून आला ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. बहुतेक आईकडून, जन्मताना. कोंडिरामची आई गावाकडे वारली ती पोट फुगून, डोळे पिवळे होऊन. तिनं कधी थेंबाला हात लावला नव्हता, पण गाव म्हणालं, बाई चोरून पीत होती. तेव्हा मिसरूड फुटलेल्या गुणवंतांनी त्यापायी एकाचं डोकं फोडलं होतं आणि चौकीवर रात्र काढली होती.

"दादाला आता मी सांगू, की आईनंच दिलं म्हणून?" कोंडिराम म्हणाला.

मानसी त्याच्यापुढे येऊन बसली. "पप्पा, आजीनं काय केलं त्यात? तिलाही कोणाकडून तरी आलंच असेल ना? तिला कोणी तपासलं? आणि मोठेकाकाही तिचेच. त्यांनाही असू शकतं. त्यांना सांगायलाच हवं."

"ह्या घरातून सांगायचं नाही," कोंडिराम म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात, "समाप्ती होऊ दे. असा डाग घेऊन मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही. काही बरंवाईट झालं तर म्हणतील, बघा, दारूनं मेला."

"आणि समाप्तीला कोण धुणार आहे तुमचा डाग? स्वतः तर बोलत नाही!"

"दादाला कळेल आपोआप."

आपोआप! शैलाला वाटलं, ह्या माणसाला गदागदा हलवावं. पहिली तारीख गेली. तिनं हॉस्पिटलात हातापाया पडून दुसरी मिळवली, तीही गेली. कोंडिराम शहाण्यासारखा गाळ्यात जायचा, धनत्रयोदशीचा माल निघायचा होता, बसून काठ तपासायचा. संध्याकाळी विहारात मागच्या रांगेत बसून दुसऱ्याचं अडखळतं वाचन ऐकायचा. आणि शैलानं रात्री कूस बदलली की तिला तेच दिसायचं, चिठ्ठ्या सुटतायत, वाचल्या जातायत, कात्री चाललीय. ह्याच्या अब्रूसाठी ती कात्री थोडीच थांबणार होती?

आश्विन पौर्णिमेला विहार गच्च भरला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मागे खिरीचं पातेलं. वंदना झाली. गुणवंत उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "कोणाला पुन्हा शील ग्रहण करायचं असेल तर त्यानं मोकळ्या मनानं पुढं यावं." बघत होते धाकट्या भावाकडे.

कोंडिराम दगडासारखा बसला होता.

पुढच्या रांगेतली म्हातारी तुळसाबाई वळून म्हणाली, "ऊठ की रं कोंडिबा. लाजायचं काय त्यात? माझा म्हातारा तर तीनदा उठला व्हता, चौथ्यांदा यमानंच उठवला." सगळे हसले. वाईट मनानं नाही, पण हसले.

शैला उठली. बायकांच्या बाजूनं कोणी तिचा पदर धरला, तो तिनं सोडवून घेतला.

"त्यांनी उठायचं काही कारण नाही. उठायचं असेल तर तुम्ही उठा सगळे. ह्या माणसाच्या हातात कोणी पेला बघितलाय का? ज्यानं बघितला त्यानं हात वर करा. आजीबाई, तुमच्या म्हाताऱ्याला रात्रीबेरात्री गटाराकाठून उचलून आणायचा तो कोण? हाच ना? तेव्हा वास आला होता का ह्याच्या तोंडाला?"

"शैला, खाली बस," गुणवंत म्हणाले.

"नाही बसत. ह्यांच्या लिव्हरमध्ये विषाणू आहे, हिपॅटायटिस बी. रक्तात सापडलाय. दारूचा काही संबंध नाही. ऑपरेशनच्या दोन तारखा ह्यांनी घालवल्या, कशासाठी? तुमच्या ह्या सतरंजीवर बसून वाचायला मिळावं म्हणून! तुम्ही पोथीसारखं पाठ केलंय, दुसऱ्याचा जीव घेऊ नये. मग हे काय चाललंय? आणि भाऊजी, हा रोग जन्मताना आईकडून येतो. माझ्या सासूबाई पीत नव्हत्या. त्यांना हेच असणार. तेव्हा कोणाला कळत नव्हतं म्हणून त्या बदनाम होऊन गेल्या. आता कळतंय, तरी तुम्ही तेच करताय. तुम्ही त्याच आईचे. जा, रक्त तपासून घ्या, आणि मग विचारा मला, भाकरी खाऊन लिव्हर सडतं का ते."

गुणवंतांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आईचं नाव, आणि भर विहारात.

मग त्यांची बायको हंसा, जी कधी चार माणसांत बोलायची नाही, ती बसल्या जागेवरून म्हणाली, "शैला, मला नि पोरांना बी करावी लागंल का तपासणी?"

"हंसा, गप."

"का म्हणून? मी काय पिते का?"

कोणी हसलं नाही. तुळसाबाईच तेवढी "अगं बाई" म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

घरी जाताना कोंडिराम चार पावलं पुढे चालत होता. जिन्यात थांबला. "आईला मधे आणलंस."

"आणलं."

"माझ्या आईला. सगळ्यांपुढं."

"त्या असत्या तर त्यांनीच मला उठवलं असतं. आता कळलं ना सगळ्यांना? आता कशासाठी थांबताय तेवढं सांगा. खिरीसाठी?"

त्यानं कठडा घट्ट धरला. त्याला राग आला होता, आणि रागवायची सवय नसल्यामुळे तो कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं. शेवटी म्हणाला, "बॅग भर."

तिसरी तारीख मिळवायला शैलानं त्या पोरसवदा डॉक्टरच्या टेबलासमोर ठाण मांडलं. ऑपरेशनच्या आधी एक बाई आल्या, गाठीचा एक तुकडा आणि शेजारच्या चांगल्या लिव्हरचा एक तुकडा अभ्यासाला द्याल का, विचारायला. तुकडे नळीत भरून जाणार होते मानसीच्याच लॅबमध्ये.

"द्या की," कोंडिराम म्हणाला. "फक्त वर लिहा, हा माणूस पीत नव्हता."

मानसीनं समजावलं, "पप्पा, वर नाव नसतं, नंबर असतो. पण नोंद असते. दारू, नाही. विषाणू, बी."

"बस्स झालं मग."

आणि माणूस चक्क समाधानानं झोपायला गेला. शैला बाहेर बाकावर दातओठ खात बसली. भावकीनं दिलं नाही ते ह्याला एका नळीवरच्या नोंदीत चालत होतं.

"त्या नळीतून पप्पांना काय मिळणार?" तिनं मानसीला विचारलं.

मानसीनं खोटं सांगितलं नाही. "पप्पांना काहीच नाही, आई. एकशे बावीस किती उरलाय ते मोजू. कोणाचा कॅन्सर पसरेल, कोणाचा नाही, ते पुढे कधीतरी आधीच ओळखता येईल. औषध अजून नाही त्यावर."

गाठ पूर्ण निघाली. पण रिपोर्टमध्ये आलं की गाठीलगतच्या बारीक शिरांमध्ये पेशी शिरलेल्या आहेत. म्हणजे निर्धास्त होऊन चालणार नव्हतं, दर थोड्या महिन्यांनी बघत राहायचं.

"पहिल्या तारखेला आलो असतो तर?" शैलानं सर्जनना विचारलं.

"ते कोणी सांगू शकत नाही."

ह्या वाक्याचा तिला जितका राग आला तितका चंदनचाही आला नव्हता. कोणी सांगू शकत नाही! म्हणजे भाऊजींना दोष द्यावा तर देता येत नाही, नवऱ्याला द्यावा तर तो टाक्यांवर हात ठेवून हसतोय, आणि गप्पही बसता येत नाही. एवढा संताप घेऊन बाईनं जायचं कुठे?

दिवाळी होऊन गेली. एका दुपारी बेल वाजली. दारात गुणवंत उभे. हातात पॅथॉलॉजीचं पाकीट, घडी घालून घालून मऊ झालेलं. विहारातल्या त्या दिवसापासून त्यांनी ह्या घराची पायरी चढली नव्हती, हॉस्पिटलातसुद्धा हंसाच येऊन गेली होती.

"मला पण निघालं," ते म्हणाले. "पोरांना नाही. हंसालाही नाही. मलाच."

शैला दार अडवून उभी होती. "सोनोग्राफी केलीत?"

"केली. गाठ नाही. औषध देतो म्हणाले, तपासत राहा म्हणाले." "शैला, लोक आता मला काय म्हणतील?"

तिला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. "लोक? लोक म्हणजे तुम्हीच होतात ना, भाऊजी? पंचशील परत घ्या म्हणतील. रीतच आहे आपली."

गुणवंतांनी मान खाली घातली. "वेळेत कळलं, म्हणाले डॉक्टर. तू बोलली नसतीस तर..."

"मी तुमच्यासाठी नव्हते बोलले." ती एकेक शब्द मोजून म्हणाली. "जा आता. ते झोपलेत."

ते वळले आणि जिना उतरू लागले. तिनं दार लावलं. कडी घातली.

"कोण होतं गं?" आतून कोंडिराम.

"तुमचा भाऊ."

"काय म्हणतो?"

"रक्तात निघालं म्हणतो. घाबरलाय."

खाटेची करकर झाली. कोंडिराम एका हातानं पोट दाबत, भिंतीला धरत दारापर्यंत आला. ह्याला अजून आधाराशिवाय उठायची परवानगी नव्हती.

"आणि तू त्याला असं उभ्या उभ्या घालवलंस?"

"घालवलं."

"झोप कशी लागेल आज त्याला? आईचं बघितलंय त्यानं सगळं. मी लहान होतो, त्यानं बघितलंय." तो कडी काढायला गेला, टाक्यांमुळे हात वर जाईना. "शैला, बोलव त्याला. नाहीतर मी उतरतो जिना."

उतरला असता. तेवढा हट्टी होताच. शैलानं त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, जरा जोरातच बसवलं. त्याच्यावर, त्याच्या भावावर, त्या शिरांमध्ये शिरून बसलेल्या पेशींवर, सगळ्यांवर दात खात तिनं कडी काढली आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली ओरडली,

"भाऊजी! ओ भाऊजी! या वर. चहा टाकतेय."